उणे नवटाक

दादरच्या बाजारातून आलो, तळघरात स्कूटर लावली आणि लिफ्टमध्ये शिरलो. मी, भाचा आणि पाऊण किलो मटार. लिफ्ट जरा वर सरकली आणि गप्प झाली. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा सगळ्यात जास्त कौतुक या लिफ्टचं होतं. चाळीच्या जिन्याने मात्र इतक्या वर्षांत कुणाला असं अधांतरी ठेवलं नव्हतं.

वर लाल '-१' तसाच पेटलेला. वॉचमनने किल्ली लावून दार ओढलं, तर लॉबीच्या फरशीची कड माझ्या नाकासमोर, आणि कडेवर त्याच्या चपला. "ताई, थांबा, बाहेर येऊ नका. मेकॅनिक वर मशीन रूममध्ये गेलाय."

भाचा आठवीत. पुस्तकातला पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा, त्यामुळे तो एकदम खुशीत. "मावशी, आपण शून्य आणि उणे एकच्या मध्ये आहोत. साधारण उणे एक छेद दोन."

"आणि आणखी खाली अडकलो असतो तर?"

"उणे दोन छेद तीन. म्हणजे अजून लहान."

मी चमकले. चाचणीत याच गणितात त्याचा मार्क गेला होता. तिरकस गुणाकार बरोबर केला होता, दोन दुणे चार, एक त्रिक तीन, चार मोठे, म्हणून उणे २/३ मोठी! पुढचं चिन्ह विसरला. इथे, पायाखाली खड्डा असताना, बरोबर आलं.

खरं तर उत्तर नावातच आहे. ऋण म्हणजे कर्ज. गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण हेच शब्द घेऊन नियम लिहिले. ज्याच्या डोक्यावर पाऊण रुपया देणं, तो अर्धा रुपया देणं असलेल्यापेक्षा गरीबच.

माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणत. आपल्या बाजाराचे अपूर्णांक बहुतेक अर्ध्याचं अर्धं करत आलेले: निम्मा, पाव, आणि पावशेराचं अर्धं नवटाक. तिसऱ्या हिश्शाचं वजन तराजूत नव्हतंच, 'एक तृतीयांश' बिचारं पुस्तकातच राहिलं. आणि पावणेदोन म्हणताना तर आपण पुढच्या आकड्याच्या दारात उभे राहून मागे बघतो. (वेळ सांगतानाही. म्हणून पावणेदोनला येतो म्हणणारा दोनला येतो.) पण शून्याच्या खाली यातला एकही शब्द उतरला नाही. उणे सव्वा कोण म्हणतं? तिथे आपण नुसतं 'देणं आहे' म्हणतो.

वर मेकॅनिकने हाताने चाक फिरवायला घेतलं असावं. लिफ्ट इंच-इंच चढू लागली. वॉचमनच्या चपला गळ्याशी आल्या, मग छातीशी.

"उणे एक तृतीयांश... उणे पाव..." भाचा मोजत होता. "मावशी, यांच्यामध्येही आहेत. कुठल्याही दोन परिमेय संख्यांमध्ये आणखी असतातच."

"सगळ्या मोजल्यास तर रात्र इथेच. मटार सोलायचेत."

फरशी गुडघ्याच्या जरा खाली आली आणि लिफ्ट पुन्हा थांबली. मजला नऊ फुटांचा, उरलं असेल फूटभर.

"आता किती?" मी विचारलं.

"उणे एक छेद आठ."

"उणे नवटाक," मी म्हटलं, मटारची पिशवी वॉचमनकडे दिली आणि पाय वर टाकला.