जुन्या मालिका, रविवारची सकाळ आणि एक कॅसेट: आठव्या महिन्याची नोंद

मंडळी, दूरदर्शनच्या जुन्या मालिका आत्याबरोबर बघते आहे, आधी त्यांचा हिशेब देते. ‘भारत एक खोज’चे ५३ पैकी १९ भाग झाले. ‘नुक्कड’चे १७. ‘मालगुडी डेज’मधल्या स्वामीच्या सगळ्या गोष्टी संपल्या, बाकीच्या सावकाश चालू आहेत. ‘ब्योमकेश बक्शी’ गेल्या पंधरवड्यात सुरू केलं. ‘चिमणराव’चे माझ्या हाती लागले ते तीनच भाग, पण ते मी चार-चारदा पाहिलेत. आणि मागच्या महिन्यात एका व्हीएचएस कॅसेटमधून अकरा मिनिटं सापडली. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर आज बसले आहे.

नव्यांसाठी थोडं सांगते. मी २९ वर्षांची, राहते ठाण्यात, वर्तकनगरला. माझ्या लहानपणी घरात केबल होती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आम्ही सगळे जेवता जेवता बघायचो. त्यामुळे दूरदर्शनचा एकच चॅनेल असण्याचा काळ माझा नाही. तो माझ्या आत्याचा. आत्या नौपाड्यात राहते, बासष्ट वर्षांची आहे, आणि हा सगळा उद्योग मी तिच्याच घरी, दर रविवारी सकाळी साडेआठला करते.

सुरुवात चुकली होती, ती कशी ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण अजूनही तसंच बघत असणार. पहिल्या रविवारी ‘मालगुडी डेज’ लावलं. शंकर नागचं दिग्दर्शन, आगुंब्याला झालेलं चित्रण, एल. वैद्यनाथन यांचं संगीत, सगळं वाचून तयार होते. स्वामीचे वडील पडद्यावर आले आणि आत्या म्हणाली, “अगं, गिरीश कार्नाड असे नव्हते. हा माणूस कोणीतरी पोळीसारखा लाटलाय.”

खरंच लाटला होता. तेव्हाचं चित्र ४:३ आकाराचं, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. आपले आजचे टीव्ही १६:९. टीव्ही ते चित्र ओढून पडदा भरून काढतो आणि प्रत्येक माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. आपल्याला वाटतं, जुनं आहे, असंच असेल. नसतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ४:३ केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, आणि मधे कार्नाडांचा चेहरा उभा राहिला: लांबट, करारी, बापाचा. शीर्षकांमधली आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रंसुद्धा तेव्हाच सुटसुटीत दिसली. लक्ष्मण यांची रेघ आडवी ताणली की मरते.

कधी कधी मात्र फाइलच ताणलेली असते. मग टीव्हीचं सेटिंग पुरत नाही, संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये ‘ए’ हे बटण दाबत जायचं, आकार बदलत जातो. बरोबर आकार ओळखायची माझी रीत अशी: चित्रात काहीतरी गोल शोधायचं. ताट, घड्याळ, बांगडी. ‘नुक्कड’मध्ये तर प्रश्नच नाही, हरीचं सायकलचं दुकान आहे, चाकंच चाकं. चाक गोल दिसलं की माणसंही खरी दिसतात.

याहून वाईट प्रकार म्हणजे कापलेलं चित्र. पडदा भरावा म्हणून वरून-खालून मिळून पाव भाग छाटून टाकतात. ‘नुक्कड’मध्ये एकेका चौकटीत सहा-सात माणसं असतात, कुणी उभं, कुणी कट्ट्यावर, कुणी खाली उकिडवं. दिग्दर्शक सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांनी ती माणसं जिथे बसवली तिथे विचार करून बसवली. छाटलेल्या चित्रात खाली बसलेला माणूसच जातो. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. ज्यांनी फाइल चढवली त्यांचे आभार आहेतच, पण कृपा करून कापू नका.

हलत्या चाकाला कंगव्यासारखे दात दिसत असतील तर तो फाइल बनवताना राहिलेला दोष. जुन्या व्हिडिओ चित्रणात सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी एकाआड एक अर्ध्या ओळी, मग उरलेल्या. संगणक दोन्ही हप्ते एकदम दाखवतो आणि मधल्या क्षणात पुढे सरकलेल्या वस्तूच्या कडा दातेरी होतात. व्हीएलसीमध्ये ‘डी’ दाबा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

आता वेगाबद्दल. ‘नुक्कड’ मी पहिल्यांदा एका शनिवारी रात्री सलग बघितलं. नऊ भाग. पहाटे झोपताना गुरू, खोपडी, कादरभाई सगळे एकमेकांत मिसळून गेले होते आणि शीर्षकगीत तर मी चौथ्या भागापासून पुढे ढकलत होते. मालिका ओळखीची वाटली, पण जवळची झाली नाही. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “आम्हाला एका भागावर आठवडा काढायला लागायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, नळावर, गाडीत, सगळीकडे तोच विषय. पुढच्या आठवड्यापर्यंत खोपडी घरचाच माणूस व्हायचा.”

म्हणून ते नऊ भाग हिशेबातून काढून टाकले आणि पहिल्यापासून परत सुरू केलं. नियम एकच: एका मालिकेचा आठवड्याला एकच भाग, शीर्षकगीतासकट, फोन दुसऱ्या खोलीत. फरक किती पडला ते सांगते. समीर खाखर यांनी केलेला खोपडी सलग बघताना मला एकसुरी दारुडा वाटला होता. आठवड्याच्या अंतराने बघितल्यावर कळलं की तो माणूस दर वेळी वेगळ्या कारणाने बोलतो. एकदा लाज झाकायला, एकदा भूक झाकायला. तो झोकांडी खाऊन थांबतो आणि वाक्य उच्चारायच्या आधी ओठ नुसते हलतात, ते मी सलग बघताना पाहिलंच नव्हतं. दिलीप धवन यांचा गुरू त्याचं ऐकतो कसा, तेही बघा. तो मधे तोडत नाही, नजर खाली ठेवून हातातलं विजेचं काम चालू ठेवतो. आत्ताच्या मालिकेत अशा जागी तीन वेळा ढँ-ढँ वाजलं असतं. या मालिका आठवड्याचं अंतर धरून लिहिल्या आहेत. ते अंतर काढून टाकलं की त्यांतलं अर्धं निघून जातं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

‘रजनी’बद्दल एकच गोष्ट. तिचे भाग अजून नीट जमवलेले नाहीत. पण आत्या सांगते, १९८५मध्ये प्रिया तेंडुलकरची रजनी बघितल्यावर ती स्वतः जाऊन रेशन दुकानदाराला पुन्हा वजन करून दाखवायला लावून आली होती. तेव्हा ती बावीस वर्षांची. अजूनही ते सांगताना तिचा आवाज वर चढतो.

‘चिमणराव’ हे माझं खरं वेड. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि ही मालिका सत्तरच्या दशकाच्या शेवटाची, म्हणजे कृष्णधवल. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. माझ्यासाठी प्रभावळकर म्हणजे टिपऱ्यांचे आबा, जन्मापासूनच म्हातारे. त्यांना तिशीत, काटकुळे, घाबरट डोळ्यांचे बघितलं आणि मी आत्याचा हात धरला. एक खूण सांगते: आबा काही लपवायचं असलं की मान किंचित पुढे काढून पापण्या फडफडवायचे ना? ते चिमणरावाच्या अंगात तेव्हापासून आहे. पंचवीस वर्षांनी त्यांनी ते म्हाताऱ्याला दिलं.

मूळ गोष्टी चिं. वि. जोशी यांच्या. ते बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. पुस्तक मी मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलं. १८९३पासूनची ही संस्था आपल्या ठाण्यात आहे आणि मी वर्षानुवर्षं तिच्यावरून नुसती जात होते. पुस्तकात गोष्टी चिमणराव स्वतः सांगतो, त्यामुळे तो स्वतःला कसा दिसतो एवढंच आपल्याला कळतं. पडद्यावर तो इतरांना कसा दिसतो तेही दिसतं. गुंड्याभाऊ शेजारी नुसता उभा राहिला तरी चिमणराव अर्धा होतो. स्टुडिओतलं चित्रण असल्यामुळे प्रसंग लांबपर्यंत न तुटता चालतात आणि नटांना नाटकातला श्वास मिळतो. गडकरी रंगायतनला नाटक बघायची सवय असलेल्यांना हा वेग लगेच ओळखीचा वाटेल.

तीनच भाग का? टेप महाग असायच्या. दूरदर्शनमध्ये एकाच टेपवर पुन्हा पुन्हा चित्रण व्हायचं, आधीचं पुसलं जायचं. त्या काळातलं किती काय असं गेलं असेल.

आता कॅसेट.

आत्याची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. नौपाड्यात सध्या दर दुसऱ्या गल्लीत हेच चालू आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका माळा रिकामा करत होते. आम्ही रविवारी काय करतो हे त्यांना ठाऊक, म्हणून एक पिशवी आणून दिली: नऊ व्हीएचएस कॅसेट. एकीवर निळ्या शाईत “ताईचं लग्न, मे ८९”. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी. बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेलं दुसरं काय होणार.

पहिली चूक मी केली ती म्हणजे ती कॅसेट स्टेशनजवळच्या एका दुकानात दिली. दोन आठवड्यांनी पेनड्राइव्ह मिळाला. सगळं वऱ्हाड लाटलेलं, नवरीच्या मुंडावळ्या आडव्या ताणलेल्या. आणि लग्न संपलं तिथे त्यांनी कॅसेट थांबवली होती. काका म्हणाले, “त्याच्या खाली आधीचं काहीतरी होतं बघ. नवी कॅसेट आणायला वेळ नव्हता, तेव्हा हातात आली ती दिली.” म्हणजे जे दूरदर्शनने केलं तेच काकांच्या घरीही झालं होतं.

मग डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडून जुना व्हीसीआर घेतला. बुरशी असलेली टेप थेट घालू नका, ती भुकटी यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. मी नाकाला मास्क लावून, गॅलरीत बसून, कॅसेटचे पाच स्क्रू काढून रीळ हाताने फिरवत मऊ कापडाने टेप पुसली. दोन संध्याकाळी गेल्या. वीत वीत टेप पुढे सरकते आणि कापडावर राखाडी रेघ उमटत जाते. घाई केली की टेपला सुरकुती पडते आणि ती मग कायमची.

रविवारी सकाळी लावली. लग्न संपलं. पाठवणी, मग रस्ता, मग काळोख. नंतर मुंग्या. आत्या उठायला लागली तेवढ्यात चित्र लोळलं, सावरलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: “रुकावट के लिए खेद है”. आत्या पुन्हा बसली. ती पाटी दोन मिनिटं चाळीस सेकंद होती. आम्ही ती पूर्ण बघितली. आत्या म्हणाली, “याच्यात चहा व्हायचा.” आणि मग ‘नुक्कड’. रात्रीचा प्रसंग. रंग उजवीकडे पाझरलेला, एका शर्टाचा लाल शेजारच्या माणसाच्या कानापर्यंत गेलेला. वर एक पांढरी रेघ सारखी धावते. आणि प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली. आत्याने ती लगेच ओळखली. आमच्याकडे वरळीहून टीव्हीची लाट थेट यायची, तशीच डोंगरावर, इमारतींवर आपटून क्षणभर उशिरा यायची, त्यामुळे एका माणसाचे दोन दिसायचे. “आमचा खोपडी असाच होता,” ती म्हणाली. “दोन.”

यूट्यूबवरचं चित्र याहून कितीतरी स्वच्छ आहे. पण ठाण्यात, १९८६-८७मध्ये, या गल्लीत ‘नुक्कड’ नेमकं कसं दिसत होतं, ते मला त्या अकरा मिनिटांनी दाखवलं. ती सावली मी पुसणार नाही. फाइल ४:३मध्ये, दोन्ही हप्त्यांसकट, जशीच्या तशी जपून ठेवली आहे.

बाकीचं थोडक्यात. ‘ब्योमकेश’मध्ये रजित कपूर आवाज न चढवता खोली ताब्यात घेतो, त्याबद्दल पुढच्या नोंदीत सविस्तर. ‘भारत एक खोज’ सुरू करणार असाल तर शीर्षकातल्या नासदीय सूक्तासाठी आवाज मोठा ठेवा. हिंदी रूप वसंत देव यांचं, संगीत वनराज भाटिया यांचं. नेहरूंनी मूळ ग्रंथ नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिला. शाळेच्या सहलीत तो किल्ला मी बाहेरून पाहिला होता, आता पुन्हा जायचं आहे. तेच नट वेगळ्या काळात वेगळ्या भूमिकांत परत येतात याची सवय व्हायला मला पाच-सहा भाग लागले. आता सलीम घौस कुठल्या रूपात येतो याची वाट बघते. नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज अजून पुढे आहेत. त्या रविवारी आत्याच्या भिशीतल्या तिघी येणार आहेत, पोहे आत्ताच ठरलेत.

त्या अकरा मिनिटांतला भाग कुठला ते अजून कळलेलं नाही. आम्ही बघितलेल्या सतरांत तो नाही. पुढचे भाग भराभर चाळले तर पंधरा मिनिटांत सापडेल, आणि परवा रात्री मी संगणक उघडून बसलेही होते. आत्याला फोन केला. ती म्हणाली, “थांब. येईल तेव्हा येईल.” काका आता माजिवड्याला भाड्याच्या घरात गेले आहेत, तरी रविवारी रिक्षा करून येतात. त्यांना त्या भागाचा शेवट आठवतो म्हणे. सांगत नाहीत. तुमच्यापैकी कुणी ओळखलाच तर, कृपा करून, तुम्हीही सांगू नका. पिशवीतल्या चार कॅसेट अजून पुसायच्या आहेत.