तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दांवाचून दिंडी
‘शब्दच नाहीत, मग ती दिंडी कसली? पायपेटी, म्हणजे पायानं भाता मारायची पेटी, साथीची, नाट्यपदं वाजवा की.’ दर कार्यक्रमानंतर चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न हातात येतो. आजवर हसून वेळ मारून नेली.

अहो, अण्णासाहेब किर्लोस्करांनीही साकी-दिंडी ही गायची वृत्तं कीर्तनातून उचलून 1880 साली ‘शाकुंतल’ या संगीत नाटकात आणली. तेव्हा चाललं! मी फक्त शब्द काढले. 9 आणि 10, अशी 19 मात्रांची ओळ डाव्या हातात फिरत राहते, उजवा हात तिच्यावर दर वेळी वेगळं बोलतो. मागून साकी, शेवटी फुगडी. युक्ती माझी नाही. जर्मन संगीतकार बाखच्या ऑर्गनवरच्या सी मायनर पासाकालियात खर्जातली ओळ अशीच फिरते, तिच्यावर 20 रूपं चढतात. पासाकालिया म्हणजे मुळात रस्त्यानं चालणं. दिंडी तरी दुसरं काय करते? फरक इतकाच, चर्चच्या ऑर्गनवर खर्ज पायांनी वाजतो. आमचे पाय भात्याला जुंपलेले.

हे झालं चारचौघांत द्यायचं उत्तर. खरं हे, की मला साथ नीट जमलीच नाही. बुवांची तान संपायच्या आत माझी बोटं पुढे.

आषाढातला कार्यक्रम. तीन दिवस झड, पेटीचं लाकूड फुगलेलं. दिंडीच्या चौथ्या आवर्तनाला मंद्र पंचमाची, म्हणजे खालच्या ‘प’ची, पट्टी दाबली ती वर आलीच नाही. सूर लागून राहिला. नखानं उचलायला गेलो तर डाव्या हातातली ओळ तुटली. भाता थांबवावा तर सगळीच पेटी मुकी. पाय मारत राहिलो. चष्म्यावर घाम. शेवटी ओळ सोडली आणि त्या हट्टी पंचमावर सुचेल ते वाजवत सुटलो. टाळ्या पडल्या. बाहेर एका आजोबांनी हात धरला, ‘पंचम काय धरून ठेवलात हो!’ मी नमस्कार केला. खरं बोललो नाही.

पट्टी दुसऱ्याच दिवशी घासून घेतली. तरी चौथ्या आवर्तनाला मी आता स्वतःच पंचम दाबून धरतो.

पंचविशीत मीच एका पेटीवाल्याला ऐकवलं होतं, ‘गवयाविना पेटी म्हणजे नवऱ्याविना वरात.’ पंचविशीतल्या त्या मला सांगण्यासारखं अजून काही सापडलेलं नाही. परवा रियाजाला डावा हात ओळ वाजवत होता आणि ओठ हलत होते. शाळेत पाठ केलेली दिंडी, शब्दांसकट.