कोबोल अपडेट: बचत गटाची खातेवही, लॅपटॉपवर पण आणि एमव्हीएसवर पण

मंडळी, झालं एकदाचं! बचत गटाच्या खातेवहीचा प्रोग्राम लॅपटॉपवर ग्नूकोबोल ३.२ मध्ये (कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचा आजचा मोफत कंपायलर) चालत होताच, आता तोच सोर्स हर्क्युलीसवरच्या (जुन्या आयबीएम मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) एमव्हीएस ३.८जे या मेनफ्रेमच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पण कंपाइल होतो आणि दोन्हीकडे बेरजा पैशापर्यंत जुळतात. फरक फक्त एन्व्हायर्नमेंट डिव्हिजनमधल्या (प्रोग्राममधला मशीनची माहिती देणारा भाग) असाइनच्या, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळींचा, आणि मशीनपुरतं जे काही असेल ते तिथेच ठेवायचं हे तर कोबोल बनवणाऱ्यांनी पहिल्यापासूनच ठरवलेलं. डिसेंबर १९६० मध्ये आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकच प्रोग्राम किरकोळ बदल करून चालवून दाखवला होता, ते घरच्या टेबलावर करून बघायला जाम मजा येते.

खरी मेहनत लागली ती एमव्हीएसवरच्या जुन्या कंपायलरसाठी. तो १९८५ च्या स्टँडर्डच्या खूप आधीचा, म्हणजे इफ कुठे संपलं ते सांगणारं एंड-इफ नाही, अनेक पर्यायांतून एक निवडणारं इव्हॅल्युएट नाही, परफॉर्मच्या आतच लूप लिहायची सोय नाही, जे काही संपवायचं ते पूर्णविरामाने. म्हणून एकात एक घुसलेले सगळे इफ सोडवून छोटे छोटे पॅराग्राफ केले, जमा आणि नावे साठी ८८ लेव्हलची नावं दिली (फील्डमधल्या ठरावीक किमतीला दिलेलं नाव), आणि आता प्रोसिजर डिव्हिजन, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा भाग, वाचताना खरंच वहीच वाचतोय असं वाटतं. मला तर हेच रूप जास्त आवडलंय, ग्नूकोबोलला पण ते बिनतक्रार चालतं.

शिल्लक रकमेला एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ ठेवलंय, म्हणजे रुपयांचे सात आणि पैशांचे दोन आकडे, एका बाइटमध्ये दोन आकडे असे पॅक केलेले, नऊ आकडे आणि चिन्ह मिळून पाच बाइट. हेक्स डंप (बाइट जसेच्या तसे दाखवणारी यादी) काढून बघाच, १२५ रुपये ५० पैसे म्हणजे ०० ०० १२ ५५ ०सी, रक्कम सरळ डोळ्यांनी वाचता येते, शेवटचा सी म्हणजे अधिक आणि डी असेल तर वजा. दशांशाचं बायनरी होतच नाही त्यामुळे पैसे कुठे सांडत नाहीत. व्याजाच्या कम्प्यूटला, म्हणजे हिशेबाच्या ओळीला, राउंडेड मात्र लावाच, नाहीतर उरलेला अपूर्णांक गुपचूप कापला जातो.

फाइल इकडून तिकडे नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आस्कीचं (लॅपटॉपवरची अक्षरांची सांकेतिक पद्धत) एब्सिडिक (मेनफ्रेमवरची) करताना पॅक्ड फील्डचे बाइट पण अक्षरं समजून बदलले जातात आणि रकमेची वाट लागते. म्हणून नेण्याच्या फाइलमध्ये रक्कम साध्या आकड्यांत आणि जमा की नावे ते वेगळ्या एका अक्षरात, रेकॉर्ड ८० बाइटचं, पॅकिंग तिकडे गेल्यावर.

आता सभासदवार बेरजेचा रिपोर्ट घेतलाय. काही कोड अक्षराने सुरू होतात काही आकड्याने, आणि एब्सिडिकमध्ये अक्षरं आधी, आकडे नंतर, आस्कीत बरोबर उलटं, म्हणजे सॉर्ट केल्यावर दोन्हीकडचा क्रम वेगळा येणार. सगळ्या कोडना सुरुवातीला अक्षर लावून टाकावं असं चाललंय डोक्यात. कुणी यापेक्षा बरं काही केलं असेल तर सांगा, नाहीतर येत्या रविवारी तेच करून टाकतो.