प्लशचं ऊन, तुर्भ्याची खडी

रविवार, रात्र. नेरूळ.

दुपारपासून पाऊस एका लयीत लागलाय. पारसिकचा डोंगर दिसेनासा झालाय आणि घरातल्या दोऱ्यांवरचे कपडे काही वाळत नाहीत. अशात दादाचे फोटो आले. म्हणजे मंडळी वाळवंटातून बाहेर पडून लेकव्ह्यू गावाला पोचली. आत फोनला रेंज नसते. ईरा धुळीने माखलेली, डोक्याला वहिनीची ओढणी, ओंजळीत पिवळट खडे. खाली लिहिलंय, "आत्या, या वेळी एक लाल सापडला!!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादाचं कुटुंब अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या दक्षिण टोकाला, प्लश नावाच्या टीचभर गावापलीकडे सनस्टोन नावाचे रत्नखडे वेचायला जातं. आम्ही तिकडे असलो की आमचीही वरात निघते. दादाच्या हिल्सबरोहून निघालं की दिवस गाडीतच जातो. ओरेगॉन म्हणजे नुसती हिरवीगार झाडी असं वाटत असतं, पण कॅस्केडचे डोंगर ओलांडले की सगळं पालटतं. करडी सेजब्रशची झुडपं, भुरकट माती आणि आभाळ. सावली नाही, पाणी नाही, लागेल ते सगळं गाडीतून न्यायचं. दिवसा भाजून निघायचं आणि रात्री तंबूत स्वेटर चढवून झोपायचं. खडखड्या सापांची भीती असते, म्हणून दगड उचलायचा तो आधी काठीने हलवून.

जागा सरकारी आहे. कुणीही यावं, साध्या हत्यारांनी खणावं, स्वतःपुरते खडे घरी न्यावेत. जवळपास पैसे भरून खणायला देणाऱ्या खासगी खाणीही आहेत, तिथे चांगला माल लवकर हाती लागतो म्हणतात. मला त्यात राम वाटत नाही. सगळं आयतं हवं असेल तर सराफाकडे जावं.

खणणं म्हणतात, पण खरं काम चाळण्याचं. दादा कुदळ मारतो, फावड्याने माती चाळणीवर टाकतो, वहिनी आणि मी दोन बाजूंनी चाळण हलवतो, आणि वर उरलेल्या खड्यांतून आई तांदूळ निवडावेत तशी एकेक दाणा बाजूला काढते. "एवढं विमानभाडं खर्चून ऊन खायला आणलंत होय रे?" असं म्हणत ती खुर्चीवर बसली होती, ती तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला तरी उठेना. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर चाळणीचीही गरज नसते. सूर्याकडे तोंड करून चालायचं, जमिनीवर काही लुकलुकलं की वाकायचं.

मातीतून निघालेला सनस्टोन काही देखणा नसतो. खरखरीत, धुरकट, बाटलीची जुनी काच म्हणून कुणी फेकून देईल असा. ईरा तो सरळ जिभेला लावते (वहिनी ओरडते, ईरा ऐकत नाही) आणि ओला झाला की आरपार दिसायला लागतो. बहुतेक फिकट पिवळे. पण एखादा उन्हात धरून हळूहळू फिरवला की एका विशिष्ट कोनात आतून गुलाबी-तांबूस झळाळीचा पडदा उजळतो, आणि नखभर कलला की गडप. ते तांब्याचे सूक्ष्म पापुद्रे. तांब्यामुळेच काही खडे लाल होतात, काही हिरवे, पण ते भाग्याने मिळतात. म्हणून ईराच्या त्या दोन उद्गारचिन्हांचं मला नवल वाटलं नाही. १९८७पासून हे ओरेगॉनचं राज्यरत्न आहे. आमच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या बोटात घालायचा?"

बाबांनी मात्र पहिल्या खेपेला खडे वेचलेच नाहीत. त्यांनी पायाखालचा काळा दगड उचलला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपलाच."

खरंच तोच, बेसॉल्ट, थिजलेल्या लाव्हाचा दगड. फरक एवढाच की तिथले स्फटिक लाव्हा जमिनीखाली असतानाच त्यात वाढले, त्याच्याबरोबर वर आले, आणि दगड झिजून माती झाली तसे मोकळे झाले. आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे स्फटिक धरले. हे मऊ असतात, चाकूने ओरखडा उठतो. अंगठीत टिकणार नाहीत, म्हणून सराफाला त्यांचं काही नाही.

बाबा वाशी-नेरूळ उभं राहत होतं त्या काळात एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. खडी तुर्भ्याच्या बाजूच्या खाणींतून यायची. सुरुंग उडाला की फुटलेल्या डबरात कधीकधी पोकळी उघडी पडायची आणि आत पांढऱ्या-गुलाबी पाकळ्यांचे झुबके. कामगार क्षणभर बघायचे, आणि मग सगळं क्रशरमध्ये. दोन-चार तुकडे बाबांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणले. आईने ते तुळशीच्या कुंडीत मांडले, अजून तिथेच आहेत. म्हणजे आमच्या इमारतीच्या कॉलमात काय काय दळून गेलंय देव जाणे. जगभरच्या संग्रहालयांत दख्खनचे झिओलाइट, म्हणजे पोकळ्यांत धरणारे असलेच स्फटिक, काचेआड मांडलेले असतात आणि आपण त्यांच्यावर स्लॅब टाकला. विकास वगैरे ठीक आहे, घर मलाही हवंच होतं, पण याचा मला राग येतो.

गंमत म्हणजे कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज पहिल्यांदा सापडलं ते ओरेगॉनमध्येच, १९६०च्या दशकात, ओवायही धरणाजवळ. आणि त्याचे सर्वांत सुंदर नमुने निघाले पुण्याच्या वाघोलीतल्या दगडखाणींतून. हे दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे मी चुकीच्या बाजूला खणतोय.

ईरा डिसेंबरमध्ये येतेय. तिची आत्ताच फर्माईश आहे, "आत्या, तुमच्याकडे कुठे खणायचं?" चालू खाणीत लहान मुलीला नेणार नाही, तिथे सुरुंग, डंपर, आणि परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नसतं. म्हणून सिन्नरच्या गारगोटी या खनिजांच्या संग्रहालयात जायचं ठरवलंय. तिथे वाघोलीचा निळा तिला डोळ्यांनी तरी बघता येईल.

जायचं कसं यावर जेवताना वाद झाला. मी म्हटलं समृद्धीने जाऊ, कसाऱ्याची गर्दी टळेल. बाबा ऐकेनात. समृद्धीवर ऐन घाटात बोगदा लागतो, बोगद्यात दगड कसा दिसणार? जुन्या घाटाने जायचं, कापलेल्या कड्यातले लाव्हाचे थर पोरीला दाखवायचे, आणि गाडी मी चालवायची, कारण त्यांना खिडकीतून बोट दाखवायचं आहे.