जळगावच्या उन्हात समुद्राचे पाणी

गेल्या मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला, त्या दुपारी आमच्या मधल्या खोलीतील खाऱ्या पाण्याच्या टाकीचा तापमापक २७ अंश दाखवत होता. त्या खोलीत एसी नाही आणि टाकीला पाणी गार करणारा चिलरही जोडलेला नाही. टाकीच्या उघड्या तोंडावर तिरपे लावलेले दोन छोटे पंखे आणि शेजारी ठेवलेला गोड्या पाण्याचा २० लिटरचा जार, एवढ्यावर तो समुद्र तग धरून होता. प्रवाळ खडकाची टाकी घरी करायची म्हटले की लोक आधी मिठाची, दिव्यांची आणि माशांची चौकशी करतात. दोन उन्हाळे काढल्यावर मला मात्र असे ठामपणे वाटते की खानदेशात ही टाकी सांभाळणे म्हणजे मुळात गोड्या पाण्याचा रोजचा हिशेब ठेवणे होय.

टाकी आम्ही तयार घेतली नाही, करून घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, १० मिलिमीटर जाडीच्या काचेची. मागच्या बाजूला वरून ओसंडणारे पाणी खाली नेणारा कप्पा आणि कपाटात सम्प, म्हणजे गाळणी, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर आणि पाणी परत वर चढवणारा पंप जिथे असतो ती दुसरी टाकी. काचेचे काम करणारे काका आयुष्यभर गोड्या माशांच्या टाक्या आणि दुकानांच्या काचा बसवत आलेले. त्यांनी सिलिकॉनचा प्रत्येक सांधा भरल्यावर बोट फिरवून पाहिले आणि सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका, असे बजावले. खडक, वाळू आणि पाणी धरून सगळा भार पावणेतीनशे किलोच्या घरात जातो, म्हणून स्टँड लोखंडी चौकोनी पाइपचा केला, त्याला दोनदा रंग दिला आणि तो पाणसळीने तपासून मगच टाकी ठेवली. लोखंडाला खारी हवा किती लवकर खाते, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. आम्हाला ते वर्षभरात कळले. टाकीच्या काठावर, पंख्याच्या जाळीवर, वायरींवर पांढरी खार फुटते आणि ती आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावीच लागते.

पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, सातशेच्या आसपास येतो. त्यात नुसते क्षार नसतात. शेतांतल्या खतांचे नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटही पाझरून आलेले असू शकतात, आणि त्यांवर टाकीत तपकिरी-हिरव्या शेवाळाचे रान माजते. घरच्या आरओचे पाणी वापरता येते, परंतु पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा एक छोटा स्क्रू असतो, शिवाय पुष्कळ यंत्रांत खनिजांचे काडतूसही बसवलेले असते. ही दोन्ही बंद केल्याशिवाय त्या पाण्याचा उपयोग नाही. मी आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनचे एक वेगळे भांडे जोडले, तेव्हा मीटरवर शून्य दिसले. आरओचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला आणि अंगणातल्या कडुनिंबाला जाते. आमच्याकडे पाणी गटारात सोडून देणे कुणालाच पाहवत नाही.

बाबांनी सुरुवातीलाच विचारले होते, की आगरातले खडे मीठ स्वस्त मिळते, तेच का घालत नाहीस. प्रश्न योग्य होता. समुद्राच्या क्षारांत सुमारे ८५ टक्के सोडियम क्लोराइड असते, परंतु प्रवाळाचा खडक आणि त्यावरचे जीव उरलेल्या भागावर, म्हणजे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट यांवर अवलंबून असतात. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा कॅल्शियम बरेचसे जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसते आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात जाते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. म्हणून टाकीसाठी मुद्दाम बनवलेले क्षारमिश्रण घ्यावे लागते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता आणि १.०२५ विशिष्ट गुरुत्व, हे आकडे आता घरात सर्वांना तोंडपाठ आहेत.

खडकाविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. खडक रचणारी सर्व प्रवाळे, समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि अग्निप्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’, म्हणजे जीवाणू आणि बारीक जीव वसलेला खडक, दाखवणारे विक्रेते भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नये. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, हे कळल्यावर तर कुणी तरी छिन्नीने तोडून आणलेला तुकडा माझ्या घरात असावा, ही कल्पनाच मला सहन होईना. आमच्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिकचा कोरडा खडक आहे. त्याच्या बारीक छिद्रांत जीवाणूंनी घर करायला पाच आठवडे लागले. अन्नाची चिमूट कुजून अमोनिया झाला, त्याचे एका गटाच्या जीवाणूंनी नायट्राइट केले, दुसऱ्या गटाने नायट्रेट केले. चाचणीच्या नळीतला हिरवा रंग पिवळा होईपर्यंत आणि नायट्राइटचा जांभळा रंग पूर्ण जाईपर्यंत आम्ही रिकाम्या टाकीकडे पाहत बसलो. त्या पाच आठवड्यांत येणारा प्रत्येक पाहुणा ‘मासे कुठे आहेत’ असे विचारून गेला.

मासे दोनच घेतले, विदूषक माशांची जोडी, तीही बंदिस्त पैदाशीची. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे विकसित केलेले असल्यामुळे समुद्रातले पकडून आणण्याचे कारण उरत नाही. थर्मोकोलच्या पेटीतून मुंबईहून रात्रीच्या गाडीने ते आले. पिशवीतले पाणी एकदम टाकीत ओतले नाही. सलाईनची नळी आणून, तिची चाकी अर्धवट फिरवून, टाकीचे पाणी थेंबाथेंबाने दीड तास पिशवीत सोडले. त्यांच्याबरोबर दोन क्लीनर श्रिम्प, म्हणजे माशांचे अंग साफ करणाऱ्या कोळंबीच्या जातीचे जीव आले, लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेले.

आता त्या पंख्यांकडे येतो. चिलरचे दर आणि उन्हाळ्यातले वीजबिल या दोन्हींची धास्ती होती, म्हणून मी माठाचा विचार केला. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. टाकी आणि सम्प मिळून माझ्याकडे साधारण २०० लिटर पाणी आहे आणि ते एका अंशाने उतरवायला सुमारे ८०० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे एका लिटरच्या वाफेत हिशेबाने तीन अंश उतरतात. खोलीची ऊब सतत आत शिरत असल्यामुळे प्रत्यक्षात दिवसाला पाच लिटर तरी खर्ची पडतात. आमची उन्हाळ्याची हवा कोरडी ठणठणीत असल्यामुळे हे साधते. मुंबईच्या दमट हवेत तेच पंखे फारसे काही करू शकत नाहीत. मात्र त्याच खोलीत कूलर लावला, तर हवेतला ओलावा वाढतो आणि पंख्यांचे काम थांबते, म्हणून कूलर दुसऱ्या खोलीत गेला. सर्वांत बिकट काळ मे नव्हे, तर जूनमधला पहिल्या पावसानंतरचा आठवडा, जेव्हा उकाडा असतो आणि हवाही ओली असते. तेव्हा दिवे दुपारी बंद ठेवून रात्री लावतो आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सम्पमध्ये तरंगत सोडतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा याच टाकीला हीटर लागतो.

वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ मागेच राहते. हे मला ठाऊक होते, तरीही पहिल्या उन्हाळ्यात मी चुकलो. नंदुरबारला बहिणीच्या सासरी लग्न होते, आम्ही आठ दिवस गेलो. शेजारचा मुलगा माशांना खाणे घालत होता आणि ते त्याने चोख केले. जार चार दिवसांत संपेल, हे त्याला सांगायचे मीच विसरलो. परत आलो तेव्हा दारातच पंपाचा घरघर आवाज ऐकू आला. सम्पचा शेवटचा कप्पा जवळजवळ रिकामा होता, पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता आणि टाकी बारीक बुडबुड्यांनी दुधासारखी दिसत होती. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरला, तर निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा ३९ वर. घाईघाईने मी त्याच रात्री वीस लिटर गोडे पाणी ओतले. सकाळी दोन्ही श्रिम्प वाळूवर आडवे पडलेले होते. माशाचे शरीर क्षारांचा तोल काही प्रमाणात स्वतः सांभाळते. कोळंबीच्या जातीला क्षारतेचा एवढा अचानक उतार झेपत नाही. तेच पाणी दोन-तीन दिवसांत थोडे थोडे घातले असते, तर ते बहुधा वाचले असते. मला त्याचे अजून वाईट वाटते.

त्यानंतर बाबांनी शेतातून ठिबकच्या लॅटरलचा, म्हणजे बारीक नळीचा, तुकडा आणि मी कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह आणला. वर मांडणीवर ६० लिटरचे पिंप, त्यातून नळी आणि सम्पमध्ये फ्लोट. पातळी बोटभर उतरली की तेवढेच गोडे पाणी खाली येते. लोडशेडिंगसाठी टाकीतले पाणी खेळते ठेवणारा वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घेतला आहे, शिवाय सेलवर चालणारा एक हवेचा पंप खिळ्याला टांगलेला असतो, कारण वीज गेल्यावर माशांना आधी कमतरता भासते ती प्राणवायूची.

या वर्षी जोडीतल्या मोठ्या माशाने, म्हणजे मादीने, खडकाच्या पायथ्याशी ठेवलेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर केशरी अंडी घातली. विदूषक मासे आधी सगळे नर असतात आणि जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो, हे बाबांना सांगितल्यावर ते बराच वेळ काचेसमोर बसून राहिले. लहान नर दिवसभर त्या अंड्यांना परांनी वारा घालत होता. सातव्या दिवशी अंड्यांत चंदेरी डोळे दिसू लागले. नवजात पिलांना खायला लागणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव तेव्हा आमच्याकडे नव्हते, त्यामुळे त्या खेपेची पिले वाचली नाहीत. आता खिडकीपाशी दोन बरण्या आहेत. एकीत हिरवे पाणी, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, वाढते आहे, दुसरीत रोटिफर. बाबा सकाळी पिंपातली पातळी खडूने भिंतीवर लिहितात, मग बरण्या हलवतात आणि मगच चहाला बसतात.