तुरळक ठिकाणी

एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या अंदाजात एक वाक्य हमखास असतं: 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी 40 ते 50 किमी वेगाने सोसाट्याचा वारा.' वाऱ्याविजांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, 'तुरळक' कोणी वाचत नाही. मग निफाडला झोडपलं आणि सिन्नर कोरडं राहिलं की सिन्नरकर हवामान खात्याला हसतात. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर 25 टक्के ठिकाणी पाऊस. सिन्नर कोरडं राहणं हे अंदाजात धरलेलंच होतं.

वळवाचा ढग असतो तरी केवढा? रुंदी पाच-दहा किलोमीटर, उंची मात्र बारा-पंधरा, आणि आयुष्य जेमतेम तासाभराचं. दुपारी दोन-तीनपर्यंत जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि चारनंतर आभाळ भरून येतं. म्हणून सकाळच्या निळ्या आभाळावर जाऊ नये. हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं, नारिंगी असेल तर तयारीत राहायचं. दुपारनंतर मात्र पुढच्या तीन तासांचा ताजा इशारा बघावा, सकाळचा तोवर शिळा झालेला असतो.

उकाड्यात वारा पडतो आणि अचानक मातीचा वास घेऊन गार झुळूक येते. सगळ्यांना हायसं वाटतं. ही झुळूक म्हणजे जवळच कोसळणाऱ्या पावसाबरोबर खाली आदळून पसरलेली थंड हवा. गच्चीवर जायचंच तर कुरडया उचलायला.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर निघतात. सेकंद तीसच्या आत आले की पक्क्या घरात. आंब्याखाली तर मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास आतच.

खरी धांदल शेतात. उन्हाळ कांदा काढून पोळ घातलेली असते, म्हणजे शेतातच ढीग रचलेला असतो. ताडपत्री टाकताना ढगाकडची कडा आधी दाबावी, कारण पहिला झोत तिकडूनच येतो. नुसते दगड पुरत नाहीत, कडेवर माती ओढावी लागते. चढाच्या बाजूने वीतभर चर हवा, नाहीतर वरून झाकलेला कांदा खालून भिजतो. सकाळी ऊन आलं की ताडपत्री लगेच काढायची. राहिली तर आत वाफ कोंडते आणि कांदा मानेपासून सडतो. काढलेली ताडपत्री घडी करून बांधावरच ठेवावी. संध्याकाळी ती शोधायला वेळ नसतो.