शेंडा खुडला की मुळं जागी होतात

आमचं रान निपाणीजवळ. तंबाखूला कळ्या दिसायला लागल्या की आई आणि मी शेंडे खुडायला जायचो. बोटांवर काळा चिकटा बसायचा, कितीही धुतला तरी जेवताना भाकरी कडू लागायची.

सहावीत असताना एकदा पहाटेच रानात शिरले. पानं दवानं निथळत होती, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. दुपारी डोकं गरगरलं, उलट्या थांबेनात. आई म्हणाली, "तंबाखू लागलीय तुला. दव उतरल्याबिगर रानात जायचं न्हाई."

तिचं बरोबर होतं. पानातलं निकोटिन दवात उतरतं आणि ओल्या कातडीतून अंगात भिनतं. पण ते पानात येतं कुठून, हे मला कॉलेजात कळलं. ते तयार होतं मुळांत, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे पुट्रेसिन.

चार कार्बनची साखळी, दोन्ही टोकांना एकेक अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट, एवढाच हा रेणू. 1885 मध्ये लुडविग ब्रीगर या जर्मन डॉक्टरांना तो सडलेल्या मांसात सापडला, म्हणून सडण्यावरूनच त्याचं नाव पडलं. मला हे नाव फार खटकतं. कारण तो जिवंत पेशीतही असतो, तुमच्या-माझ्याही. पेशी त्याच्यापासून स्पर्मिडिन आणि पुढे स्पर्मिन बनवते. या तिघांवर धन भार असतो आणि डीएनए-आरएनएवर ऋण, त्यामुळे ते त्यांना बिलगून राहतात. शिवाय प्रथिनं तयार व्हायला मदत करणारं एक प्रथिन स्पर्मिडिनचा एक तुकडा अंगावर जोडून घेतल्याशिवाय कामाला लागत नाही. ही मंडळी नसतील तर पेशीची वाढच खुंटते.

तंबाखूचं मूळ याच पुट्रेसिनमधल्या थोड्याला एक मिथाइल गट, म्हणजे एका कार्बनचा तुकडा, चिकटवतं. तिथून वाट फुटते ती निकोटिनकडे. मुळात तयार झालेलं निकोटिन रसाबरोबर पानांत चढतं. आणि शेंडा खुडला, की झाडाला जखम कळते, शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक थांबतं, मुळं जास्त निकोटिन बनवायला लागतात. किड्यानं कुरतडलं तरी झाड असंच वागतं. म्हणजे आम्ही नखानं खुडत होतो आणि झाड आम्हालाही कीडच समजत होतं!

गेल्या दिवाळीला हे सगळं आईला सांगितलं. आता रानात ऊस आहे. तिनं नीट ऐकून घेतलं, मग उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. नखाची कड अजून जाड, पिवळट आहे.

"मुळाला एवढं कळतंय व्हय," ती म्हणाली, "म्हणूनच खुडल्यावर पान कडक व्हायचं."